सिबेलियस यांची वीस वर्षे आणि आठव्या सिम्फनीची तारीख

प्रश्न असा आहे: फिनलंडचे संगीतकार यान सिबेलियस यांनी १९२६ पर्यंत सात सिम्फन्या (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या, बहुधा अनेक भागांच्या रचना) आणि ‘तापिओला’सारखी रचना लिहिली, मग १९५७ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, त्यांनी एकही मोठी रचना लोकांसमोर का आणली नाही? विचारणाऱ्याने दोन कारणेही सुचवली आहेत. एक म्हणजे दारू, आणि दुसरे म्हणजे नव्या पिढीच्या आधुनिक संगीताची धास्ती.

मी गेली अठ्ठावीस वर्षे ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या पट्टीचे तारवाद्य) वाजवतो आहे आणि पाचवी सिम्फनी, सातवी सिम्फनी व ‘तापिओला’ या तिन्ही रचना वेगवेगळ्या कंडक्टरांच्या हाताखाली अनेकदा वाजवल्या आहेत. सुचवलेल्या दोन्ही कारणांत तथ्य आहे, पण त्यांनी उत्तर पुरे होत नाही. मला पटलेले उत्तर आधीच सांगतो. सिबेलियस यांच्या मोठ्या रचना बहुधा आपणहून ‘पूर्ण’ झालेल्या नाहीत. जाहीर झालेली तारीख, कर्जाचा तगादा, प्रकाशकाचे पत्र किंवा एखाद्या मित्राचा आग्रह यांनी त्या त्यांच्या हातून सोडवून घेतल्या आहेत. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत ही कारणे आणि ही माणसे एकामागून एक नाहीशी झाली. पुन्हा पुन्हा खोडण्याची सवय तेवढी तशीच राहिली.

याची सुरुवात १९१४ पासून पाहावी लागते. त्या वेळी फिनलंड रशियन साम्राज्यात होता आणि सिबेलियस यांचे मुख्य प्रकाशक, ब्राइटकॉफ उंड हेर्टेल, जर्मनीत लाइपझिगला होते. महायुद्ध पेटताच हा प्रकाशक शत्रुराष्ट्रातला ठरला आणि तिकडून होणारी मिळकत थांबली. पाच मुलींचा संसार, डोक्यावर जुने कर्ज, आणि स्वतः सिबेलियस खर्चाला सढळ. त्यातून, जगभरच्या कॅफेंमध्ये वाजणारे त्यांचे ‘व्हाल्स त्रिस्त’ त्यांनी फार पूर्वीच एकरकमी विकून टाकलेले, त्यामुळे त्याच्या लोकप्रियतेचा पैसा दुसऱ्यांच्या खिशात जात होता. युद्धाच्या वर्षांत त्यांनी पियानोसाठी आणि व्हायोलिनसाठी छोट्या रचनांमागून रचना लिहिल्या आणि कोपनहेगनच्या विल्हेल्म हान्सेनसारख्या प्रकाशकांना दिल्या. या रचनांकडे नाक मुरडून पाहण्याची एक पद्धत आहे, ती मला मान्य नाही. घर त्यांच्यावर चालले, आणि त्याच टेबलावर पाचवी सिम्फनी घडत होती.

पाचव्या सिम्फनीचा इतिहास नीट पाहिला की या माणसाची काम करण्याची रीत कळते. ती पहिल्यांदा वाजली ८ डिसेंबर १९१५ रोजी, म्हणजे सिबेलियस यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेलसिंकीत, त्यांच्याच कंडक्टिंगखाली. तो दिवस देशाने सणासारखा साजरा केला. तारीख पुढे ढकलणे शक्यच नव्हते. पण त्यांचे समाधान झाले नाही. १९१६ मध्ये त्यांनी तिचे दुसरे रूप वाजवले आणि आज आपण वाजवतो ते तिसरे रूप २४ नोव्हेंबर १९१९ रोजी सादर झाले. मधल्या काळात फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९१८ च्या हिवाळ्यात यादवी युद्ध पेटले. यार्वेनपा येथील त्यांच्या आइनोला या घराची लाल रक्षकांनी, म्हणजे यादवीतल्या डाव्या बाजूच्या सैनिकांनी, झडती घेतली, आणि कुटुंबाला हेलसिंकीत, सिबेलियस यांचे धाकटे भाऊ क्रिस्टियान डॉक्टर होते त्या लापिनलाहती मनोरुग्णालयात आसरा घ्यावा लागला. एवढ्या उलथापालथीतही सिम्फनीवरची कात्री थांबली नाही.

१९१५ च्या रूपात चार मुव्हमेंट, म्हणजे चार भाग, होत्या. शेवटच्या रूपात पहिल्या दोन एकमेकींत अशा विरघळवल्या आहेत की संथ लय द्रुत कधी झाली हे वाजवणाऱ्यालाही बोट ठेवून सांगता येत नाही. अखेरीला एकेकटे येणारे सहा आघात आहेत. पहिल्या रूपात त्यांच्या मागे तारवाद्यांचा नाद चालू राहतो. १९१९ मध्ये सिबेलियस यांनी तो काढून टाकला आणि आघातांच्या मध्ये निखळ शांतता ठेवली. त्या शांततेत गज हवेत धरून बसलेले शंभर वादक एकमेकांचा श्वास ऐकत असतात. सिबेलियस यांची सुधारणा बहुतेक वेळा अशीच असते. भर घालण्याऐवजी ते काढून टाकतात.

त्याच वर्षी, १९१९ च्या मार्चमध्ये, अक्सेल कार्पेलान वारले. हे नाव आज फारसे कोणाला माहीत नसते. स्वतः निर्धन असलेल्या या सरदार घराण्यातल्या माणसाने सिबेलियस यांच्यासाठी धनिकांकडून पैसे उभे केले होते, त्यांना इटलीला धाडले होते आणि दुसऱ्या सिम्फनीमागे तगादा लावला होता. ती सिम्फनी त्यांनाच अर्पण केलेली आहे. मृत्यूची बातमी आल्यावर, आता रचना कोणासाठी करायची, असा प्रश्न सिबेलियस यांनी रोजनिशीत लिहून ठेवला. १९२२ मध्ये क्रिस्टियानही गेले. सल्ला देणारे, रागावणारे आणि तरीही पाठीशी उभे राहणारे दोन आधार तीन-चार वर्षांत तुटले.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कारकीर्द चढणीलाच लागलेली दिसत होती. १९२१ च्या आरंभी त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. अमेरिकेतल्या रोचेस्टर येथे नव्याने निघत असलेल्या ईस्टमन संगीतविद्यालयात शिकवण्याचे निमंत्रण आले. त्यांनी बराच विचार करून ते नाकारले आणि त्यांच्या जागी सेलिम पाल्मग्रेन हे दुसरे फिन्निश संगीतकार गेले. मला हा नकार महत्त्वाचा वाटतो. सिबेलियस यांना ठरलेल्या वेळी वर्गात उभे राहण्याची, महिन्याच्या पगाराची शिस्त नको होती. त्यांना आइनोलातला एकांत हवा होता. त्या घरात त्यांच्या हयातीत नळसुद्धा बसवला गेला नाही, कारण पाइपांतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज त्यांना सहन झाला नसता.

सहावी सिम्फनी १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हेलसिंकीत सादर झाली. ती सांगताना मी मराठी विद्यार्थ्यांना काफी थाटाची आठवण करून देतो, कारण तिचा मोठा भाग डोरियन स्वरपंक्तीत आहे आणि त्या पंक्तीचे स्वर काफीचेच आहेत: गंधार आणि निषाद कोमल. साम्य स्वरांपुरतेच आहे, चलन अगदी वेगळे आहे. पण आरंभी वरच्या पट्टीतली तारवाद्ये एकमेकांत गुंफत उतरतात तेव्हा, नेहमीच्या मेजर-मायनरच्या सवयीच्या कानाला जे परके वाटते, ते आपल्या कानाला ओळखीचे वाटू शकते. इतर संगीतकार रंगीबेरंगी कॉकटेले देत असताना आपण शुद्ध थंड पाणी देतो, असे सिबेलियस यांचे एक वाक्य नोंदले गेले आहे, आणि ते या सिम्फनीला चपखल बसते.

आता दारूविषयी. तो प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. १९२३ च्या वसंतात स्वीडनमधल्या योटेबोरी येथे ते नशेत व्यासपीठावर चढले, आणि ही तालीमच आहे अशा समजुतीने त्यांनी चालू वादन मध्येच थांबवले. पत्नी आइनो यांना हे इतके लागले की पुढच्या वर्षी सातव्या सिम्फनीच्या पहिल्या सादरीकरणाला त्या सोबत स्टॉकहोमला गेल्या नाहीत. हात थरथरत, नोटेशन लिहिताना पेन स्थिर राहत नसे, आणि तो स्थिर करायला व्हिस्की लागे, असे ते दुष्टचक्र होते. पण कालक्रम पाहा. १९०८ मध्ये घशातली गाठ काढल्यावर त्यांनी सुमारे सात वर्षे दारूला स्पर्श केला नाही, आणि त्या वर्षांत चौथी सिम्फनी झाली. पुन्हा पिऊ लागल्यानंतर सहावी, सातवी आणि ‘तापिओला’ झाली. दारूने त्यांचे आणि त्याहून अधिक आइनोंचे आयुष्य नासवले. पण ती प्यायल्याने लेखन थांबले असते, तर १९२६ च्या खूप आधी थांबायला हवे होते.

सातवी सिम्फनी २४ मार्च १९२४ रोजी स्टॉकहोमला वाजली तेव्हा तिचे नाव ‘फँटासिया सिंफोनिका’ असे होते. छापताना तिला सिम्फनीचा क्रमांक मिळाला. जेमतेम बावीस मिनिटांची, एकाच सलग मुव्हमेंटची ही रचना आहे. टिंपनीवर (ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्यांवर) हलके ठोके पडतात, खालून तारवाद्ये साधी चढती स्वरपंक्ती घेतात, आणि जिथे पोचायला हवे तिथे न पोचता एका अनपेक्षित, काळोख्या स्वरमेळावर येऊन थबकतात. थोड्या वेळाने आमची पाळी येते. व्हायोला आणि चेलो अनेक उपगटांत विभागून एक स्तोत्रासारखा भाग सुरू करतात, आणि इतर तारवाद्ये हळूहळू त्यात येत जातात. या भागात आपला पार्ट वेगळा काढून वाजवला तर त्यात काहीच नसते: दोन स्वर वर, एक खाली, मग थांबा. पहिल्या खेपेला मला वाटले की हे सोपे आहे. तालमीत कंडक्टरने आमच्या गटाला एकटे वाजवायला लावले, आणि शेजारच्या वादकाचा स्वर माझ्या स्वरावर किंचित घासून पुढे सरकतो तेव्हाच त्या ओळीला अर्थ येतो, हे कळले. इथे गज ओढण्याचा वेगही सर्वांचा एकच असावा लागतो, कारण एकाने घाई केली तर भिंतीतली वीट निखळल्यासारखे ऐकू येते. मग त्या सगळ्या विणीच्या वर ट्रॉम्बोनची धून उगवते. पूर्ण सिम्फनीत ती तीनदा येते, आणि बाकी सारे जणू तिच्याकडे जाण्याच्या किंवा तिच्यापासून दूर होण्याच्या वाटेवर असते.

१९२५ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल थिएटरसाठी शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ला संगीत देण्याचे काम आले, नाटक मार्च १९२६ मध्ये रंगमंचावर आले. त्याच वर्षाच्या आरंभी न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉश यांनी त्यांच्या ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना मागितली, आणि २६ डिसेंबर १९२६ रोजी ‘तापिओला’ तिथे पहिल्यांदा वाजली. तापिओ हा फिन्निश पुराणकथांतला वनदेव, आणि ‘तापिओला’ म्हणजे त्याचे स्थान. अगदी थोड्या स्वरांच्या टप्प्यात फिरणाऱ्या आरंभीच्या एका आकृतीतून जवळजवळ सगळी रचना उगवते. शेवटाकडे तारवाद्यांत एक वादळ उठते, ज्यात अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणाऱ्या ओळींत बोटांना धरायला काही उरत नाही, आणि अखेरीस लांबलेला, उजळ मेजर स्वरमेळ येतो. हा प्रकाश दिलासा देतो की नाही, यावर वादकांचेही एकमत नसते. मला तो कधीच दिलासा वाटलेला नाही. जंगल आपल्याला विसरून गेले आहे असे वाटते.

चार मुव्हमेंटच्या तीन केल्या, मग तीनची एक केली, मग अनेक धुनांची एक आकृती केली. पुढे आणखी काय काढायचे? सिबेलियस यांच्यासमोर उभा असलेला खरा अवघड प्रश्न मला हा वाटतो, आणि तो सुरांतला आहे, बाटलीतला नाही.

नेमके याच वेळी त्यांच्यावरचा बाहेरचा दाब उतरला. १९२५ मध्ये साठावा वाढदिवस झाला तेव्हा सरकारने त्यांचे वार्षिक मानधन वाढवले आणि लोकांनी वर्गणी काढून रक्कम दिली. विसाचे दशक संपेपर्यंत आयुष्यभराचे कर्ज फिटले. ज्या संगीतकाराने वयाची साठ वर्षे सावकाराच्या धाकाने का होईना, रचना वेळेवर हातावेगळ्या केल्या, त्याला आता कोणतीही तारीख पाळण्याची सक्ती राहिली नाही. त्यांना मिळालेल्या स्वास्थ्याबद्दल मला मनापासून आनंद आहे. ते त्यांनी कमावले होते. पण १९२७ नंतर छोट्या रचनांचा ओघही आटला. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या विधींसाठी लिहिलेले संगीत, १९२९ मधल्या व्हायोलिन-पियानोच्या काही रचना, १९३१ मध्ये चित्रकार मित्र आक्सेली गालेन-काल्लेला यांच्या अंत्यसंस्कारासाठी ऑर्गनची एक शोकरचना, एवढेच हाती लागते.

कीर्ती मात्र वाढतच गेली. फिन्निश सरकारच्या मदतीने रोबेर्ट कायानुस यांनी १९३० मध्ये लंडनला पहिल्या दोन सिम्फन्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि १९३२ मध्ये तिसरी, पाचवी व ‘तापिओला’ मुद्रित केली. हे कायानुस हेलसिंकीच्या ऑर्केस्ट्राचे संस्थापक, सिबेलियस यांचे जुने मित्र, कधी प्रतिस्पर्धी आणि अनेक रचनांचे पहिले कैवारी. इंग्लंडमध्ये सेसिल ग्रे यांनी १९३१ च्या पुस्तकात सिबेलियस यांना बेथोव्हननंतरच्या सिम्फनीकारांत सर्वोच्च स्थान दिले, तर न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक ओलिन डाउन्स अमेरिकेत त्यांचा अखंड प्रचार करत होते आणि पत्रांतून अजून न आलेल्या आठव्या सिम्फनीची चौकशी करत होते. बोस्टनचे कंडक्टर सेर्गेई कुसेवित्स्की यांनी १९३२-३३ च्या हंगामात सगळ्या सिम्फन्या वाजवायचे ठरवले होते आणि मालिकेचा कळस म्हणून आठवी हवी होती. सिबेलियस यांनी होकार दिला, मुदत वाढवली, पुन्हा वाढवली आणि शेवटी नकार कळवला. लंडनलाही बेझिल कॅमेरन यांच्या हाती ती देण्याचे ठरत होते, तेही बारगळले.

ही आठवी सिम्फनी अस्तित्वातच नव्हती, हा समज चुकीचा आहे. १९३१ च्या वसंतात ते बर्लिनमध्ये राहून तिच्यावर काम करत होते. १९३३ मध्ये पाउल फोइग्ट या नकलनवीसाने तिच्या तेवीस पानांच्या स्वच्छ प्रतीचे बिल लावले. ज्याने कधी ऑर्केस्ट्राचे पार्ट पाहिले आहेत त्याला या तेवीस पानांचे महत्त्व लगेच कळेल, कारण नकलनवीसाकडे कच्चा आराखडा जात नाही, वाजवण्याजोगे झालेले नोटेशनच जाते. त्याच १९३३ च्या जुलैत कायानुस वारले. ही वही उचला आणि येत्या महिन्यात हेलसिंकीत वाजवू या, असे हक्काने सांगू शकणारा जवळपासचा शेवटचा माणूस गेला. कुसेवित्स्की समुद्रापलीकडे होते, आणि त्यांना तारेने नकार देता येत होता.

आधुनिकांच्या धास्तीबद्दल माझे मत असे की तिचा आकार फुगवून सांगितला जातो. १९१४ मध्ये बर्लिनला त्यांनी आधुनिकांतले अग्रणी शोएनबर्ग यांचे संगीत कुतूहलाने ऐकले होते, आणि १९११ ची चौथी सिम्फनी स्वतःच इतकी कठोर होती की पहिले श्रोते गोंधळून गेले होते. तीसच्या दशकात त्यांना अधिक जाचले असेल ते कौतुक. ज्याच्या पुढच्या रचनेला आधीच बेथोव्हनच्या शेजारी जागा राखून ठेवलेली आहे, त्याने ती रचना हातून सोडायची तरी कशी? टीकाही होती, १९३८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर आडोर्नो यांनी त्यांच्यावर जहरी लेख लिहिला. नाझी जर्मनीने १९३५ मध्ये त्यांना गोएथे पदक दिले आणि त्यांनी ते स्वीकारले, ही गोष्टही त्यांच्या कारकिर्दीच्या हिशेबात मांडलीच पाहिजे.

त्यांच्या सावलीचा त्रास इतरांना किती झाला, हेही सांगायला हवे. फिन्निश संगीतकार आर्रे मेरिकांतो यांनी ‘युहा’ हा ऑपेरा १९२२ मध्ये पूर्ण केला. तो रंगमंचावर आला १९६३ मध्ये, लाहती या गावी, संगीतकाराच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. प्रतिसाद न मिळाल्याने मेरिकांतो यांनी आपल्या काही हस्तलिखितांची पाने कापून टाकली. त्या काळच्या फिनलंडमध्ये कात्री एकट्या सिबेलियस यांच्या हाती नव्हती, आणि मेरिकांतोंच्या हातातली कात्री मला अधिक दुःखद वाटते.

चाळीसच्या दशकात एके दिवशी सिबेलियस यांनी कपड्यांच्या टोपलीत हस्तलिखिते भरून आइनोलाच्या जेवणघरातल्या शेकोटीत जाळली. आइनोंना ते पाहवले नाही आणि त्या खोलीतून निघून गेल्या. त्यानंतर पती अधिक शांत झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. आठवी सिम्फनी त्यातच गेली असे मानले जाते. उरलेल्या आराखड्यांतले काही तुकडे २०११ मध्ये जॉन स्टोरगोर्ड्स यांनी हेलसिंकीत वाजवले. सगळे मिळून तीन मिनिटांच्याही आतले, पण त्यांतले स्वरमेळ ‘तापिओला’च्या पुढे पाऊल टाकणारे आहेत.

ज्यांना या वीस वर्षांचा शेवट कानांनी ऐकायचा आहे, त्यांनी १ जानेवारी १९३९ चे ध्वनिमुद्रण शोधावे. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त रेडिओवरून जगभर प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमात त्र्याहत्तर वर्षांच्या सिबेलियस यांनी ‘आंदांते फेस्तिव्हो’ ही आपली रचना कंडक्ट केली. १९२२ मध्ये ती चार तारवाद्यांसाठी लिहिलेली होती, आणि तारवाद्यांच्या पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी ती नुकतीच विस्तारली होती. त्यांच्या कंडक्टिंगचे टिकून राहिलेले ध्वनिमुद्रण हेच. लय आम्ही आज वाजवतो त्याहून संथ आहे, प्रत्येक गज टोकापर्यंत ओढून घेतलेला आहे, आणि एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी ते वादकांना जरा जास्तच थांबवून धरतात. ते ऐकून झाल्यावर लगेच सातव्या सिम्फनीची शेवटची दोन मिनिटे लावावीत. तिथे वरच्या तारवाद्यांतला निषाद षड्जाला टेकून उभा राहतो, खालचा सगळा ऑर्केस्ट्रा मुक्कामाला पोचलेला असतो, आणि तो एक स्वर घरात पाऊल टाकायला शक्य तितका उशीर लावतो.